वज्रबाहू आणि काळोबा

अण्णा,

तुमच्या फोटोविषयीची एक तक्रार बरीच वर्षं माझ्याकडे पडून आहे, ती आज दाखल करतो. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या फोटोला हार घालतात. घरात तुमचा मोठा असा एकच फोटो आहे, फ्रीस्टाईलच्या रिंगणातला: उजवा हात वर, छाती पुढे, आणि गळ्यात बेंबीपर्यंत आलेला झेंडूचा हार. त्यावर आम्ही चंदनाचा हार घातला. म्हणजे हारावर हार. ज्या शास्त्रात माझी हयात गेली त्यात याला पुनरुक्ती म्हणतात आणि ती दोषांत मोडते. चंदनाचा हार काढावा, तर लोकांना माणूस हयात वाटतो. गेल्या दिवाळीत फराळाला आलेले सोसायटीचे चेअरमन फोटोकडे बघून म्हणाले, “वडिलांनी तब्येत राखलीय हो. असतात कुठे?” ठेवावा, तर तुमचा चेहरा सोडून बाकी सगळा फुलबाजार दिसतो. फोटो काढून घेताना आपण पुढचा विचार करायला हवा होता. तो केला नाहीत, याची नोंद घेतली आहे.

आता या तक्रारीत आईने भर घातली आहे. वर्षभर तिचं विसरणं वाढत चाललंय. जेवलेलं विसरते, माझं नाव विसरते, पण तुमच्या फोटोकडे पाठ करून बसायला विसरत नाही. मी खुर्ची सरळ ठेवतो, ती फिरवते. माझी बायको म्हणाली, “खिडकीचा उजेड येत असेल त्यांच्या डोळ्यांवर.” मी पडदा लावला. आईने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि खुर्ची पुन्हा फिरवून घेतली. मग एका संध्याकाळी मी कॉलेजातून घरी आलो, दारात चपला काढत होतो, तर तिने मला खालून वर नीट न्याहाळलं आणि विचारलं, “आज कोण होतात?”

बायकोला वाटलं, कोण आहात असं विचारायचंय. ती मोठ्याने म्हणाली, “आई, हे तुमचे चिरंजीव.” आई तिच्यावर जरा वैतागलीच. “ते कळतंय गं. आज कोण होते ते विचारतेय.” मी एक चपल हातात घेऊन उभा. हा प्रश्न मी खडकीच्या क्वार्टरमध्ये दर रविवारी संध्याकाळी ऐकलेला आहे. तुम्ही सायकल भिंतीला लावायचात, आई पदराला हात पुसत दारात यायची आणि हेच, याच आवाजात विचारायची. तुम्ही गेल्यावर तीस वर्षांत तो मी एकदाही ऐकला नव्हता. ऐकला, आणि हातातली चपल मी पुन्हा पायात घातली. का घातली, ते कळायला पुढे काही दिवस गेले.

तुम्हाला तुमचीच गोष्ट सांगायला नको, पण बायकोला मला ती पहिल्यापासून सांगावी लागली. सासरे कारखान्यात फिटर होते आणि पूर्वी ‘काहीतरी कुस्ती वगैरे’ करायचे, एवढंच तिला ठाऊक. मी म्हटलं, कुस्ती नव्हे, फ्रीस्टाईल. तंबू, रिंगण, कर्णा, तिकीट. जिंकणार कोण हे ठेकेदार शनिवारीच ठरवून टाकायचा. खडकी-दापोडीकडे, जिथे कारखान्याची माणसं तुम्हाला ओळखायची, तिथे तुम्ही वज्रबाहू: केशरी लंगोट, उघडा चेहरा, आत येताना लहान मुलांच्या डोक्यावरून हात. आणि लांब, हडपसरच्या बाजूला, तेव्हा ते गावच होतं, तिथे डोक्यावर काळा मुखवटा चढवून तुम्ही कर्दनकाळ. मूठभर माती डोळ्यात टाकणारा, पंचाचा डोळा चुकवून चावणारा, बायाबापड्यांकडे बघून दात विचकणारा. आईने घरी त्या कर्दनकाळाचा काळोबा करून टाकला होता. जिथे काळोबाला लोकांनी संत्र्याच्या साली फेकून मारल्या, त्याच्याच आसपास कुठेतरी आज आमची इमारत उभी आहे आणि मी सातव्या मजल्यावर राहतो, हे मी बायकोला मोठ्या ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, “म्हणजे वडिलोपार्जितच म्हणायचं.”

त्या पहिल्या संध्याकाळी आईला उत्तर तर द्यायला हवं होतं. मी विचार केला, म्हातारीला बरं वाटू दे, आणि म्हणालो, “वज्रबाहू.” अण्णा, ती उठली. तिचे गुडघे धरलेले असतात, तिला उठवायला एरवी दोघं लागतात. ती आपली आपण उठली, टीपॉयच्या कडेला असलेला पाण्याचा पेला उचलून आत नेऊन ठेवला, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि माझ्या बायकोला हळूच म्हणाली, “पोरांना शेजारी नेऊन बस. भात झाला की मी हाक मारते.” आमची पोरगी बंगळूरला असते, एकतीस वर्षांची आहे. बायको माझ्याकडे बघत राहिली. मी तुमच्या फोटोकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं, आणि मी म्हणालो, “काळोबा.” तिचा चेहरा असा सैल झाला की काय सांगू. “अगोबाई. मग फार मारलं असेल मेल्यांनी. बघू पाठ.” तिने मला पाठ उघडी करायला लावली, त्यावर हात फिरवला, साल-बील काही चिकटलं नाही ना ते पाहिलं, आणि बायकोला चहा टाकायला सांगितला, आलं घालून. तेव्हापासून मी रोज काळोबा होऊन घरी येतो. संस्कृताचा विभागप्रमुख, डॉक्टरेट वगैरे असलेला माणूस, लिफ्टच्या आरशात भांग सारखा करतो आणि दारात उभा राहून मी दुष्ट आहे असं जाहीर करतो. बायको म्हणते, “अहो, रोज खोटं काय बोलता त्यांच्याशी?” मी म्हणतो, खोटं नव्हे, भूमिका. “मग आमच्यासाठीही एखादी करा. भाजी निवडणाऱ्या माणसाची.”

थट्टा सोडून सांगतो. आईने त्या पेल्यावर हात ठेवला, तेव्हा मलाही सगळं आठवलं, किंवा मला ते पहिल्यापासून आठवत होतं आणि मी त्याला आठवण म्हणत नव्हतो. काळोबा घरी आला की आमची चंगळ असायची. तुमच्या कानामागून केळ्याचं साल निघायचं. तुम्ही खारे दाणे आणलेले असायचे. मग स्वयंपाकघरात, आई भाकरी थापतेय आणि तुम्ही आम्हाला काळोबा करून दाखवताय. एक दिवस तर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही मला मांडीवर घेता, माझा गळा दोन्ही हातांनी धरता आणि म्हणता, “ओरड. मेलो म्हणून ओरड.” मी ओरडतो. माझ्या गळ्याला काहीही होत नाही. तुमचे अंगठे आत वळलेले आहेत, तळवे माझ्या कानाखाली नुसते टेकलेत, गरम आहेत आणि त्यांना ग्रीसचा वास येतोय. तुमच्या मात्र मानेच्या शिरा टरारून फुगल्यात, डोळे बाहेर आलेत. मी इतका मनापासून ओरडलो की शेजारच्या काकू पोळपाटासकट आत आल्या. “अहो पहिलवान, पोराचा जीव घेता का काय!” तुम्ही हात काढून दाखवलेत. काकूंनी माझी मान उलटसुलट करून पाहिली. कुठे लाल वळदेखील नव्हता. त्या म्हणाल्या, “शिंचं नाटक,” आणि हसत, पोळपाट छातीशी धरून गेल्या.

त्याच दिवशी तुम्ही मला धंद्यातलं गुपित सांगितलंत. म्हणालात, लोकांना वाटतं दुष्टाचं काम मारण्याचं. दुष्टाचं काम समोरच्याला जपण्याचं. सगळी कुस्ती दुष्टच चालवतो. कधी उचलायचं, कधी टाकायचं, कुठल्या अंगावर टाकायचं, समोरच्याचा दुखरा गुडघा कुठला, हे सगळं त्याने ध्यानात ठेवायचं आणि शिव्या देता देता मधेच त्याच्या कानात सांगायचं. एकदा तुम्ही मला हडपसरला नेलंत तेव्हा मी पुढे बसून पाहिलंही होतं: तुम्ही त्या तरण्या पोराची मुंडी काखेत दाबलेली, पब्लिक पेटलेलं, माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने चपल काढलेली, आणि मुखवट्याच्या भोकातून तुमचे ओठ सारखे हलताहेत. मला वाटलं, मंत्र म्हणताय. परत येताना सायकलवर विचारलं, तर म्हणालात, “त्याला सांगत होतो, डावीकडे पड, उजवा खांदा सांभाळ. काल निखळला होता त्याचा.” आणि वज्रबाहू काय करतो, मी विचारलं. “त्याला काय काम? त्याने मार खायचा, सोसायचं, आणि शेवटी उभं राहायचं. हार घालून घ्यायचा.”

आमच्या शास्त्रात नायकाचे प्रकार सांगितलेत. धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत, सगळ्यांत आधी धीर. मी ते तीस वर्षं शिकवतोय, परीक्षेत विचारतोय. समोरच्या प्रतिनायकाची लक्षणंही सांगितलीत: लोभी, हट्टी, पापी. पण प्रयोग संपल्यावर दोघं घरी गेले की कोणाची बायको पेला उचलून ठेवते, याचा विचार कुणी केलेला माझ्या वाचनात नाही.

वज्रबाहूचीही एक संध्याकाळ लिहितो. लिहावी की नाही, ठरत नव्हतं. मी सायकलच्या दांडीवर बसलोय, तुमच्या गळ्यातला हार माझ्या गळ्यात आहे. खडकी बाजारातून जाताना माणसं थांबवतात. “वा पहिलवान.” “काय चोपलात त्याला.” कारखान्यातला फोरमन सहकुटुंब भेटतो, तुमच्या पाठीवर थाप मारतो, तिथेच मारतो जिथे तुम्ही तासाभरापूर्वी फळ्यांवर आपटलेले आहात. तुम्ही प्रत्येकाला हसून नमस्कार करता. प्रत्येकाला. दोन नमस्कारांच्या मधे मी मान वळवून वर पाहतो, तर हसू चेहऱ्यावर तसंच राहिलेलं असतं, कुणी विझवायला विसरल्यासारखं. घरी येतो. आई विचारते. तुम्ही म्हणता, “वज्रबाहू,” तेव्हाही हसूनच. आई मला दांडीवरून उतरवून घेते. पुढचं मला नीट माहीत नाही, कारण आम्हा भावंडांना काकूंकडे पाठवलं जायचं आणि काकू रेडिओ मोठा करायच्या. भांड्याचा आवाज आला असेल, घरोघरी येतो. दुसऱ्या दिवशी आईच्या हातात नव्या बांगड्या होत्या. मी त्यांना हात लावून पाहिल्याचं मला आठवतं. मला त्या फार आवडल्या होत्या.

मी तुम्हाला जाब विचारत नाही, अण्णा. विचारायची वेळ होती तेव्हा मी रूपं पाठ करत होतो, आणि आता उत्तर देणारे दोघंही उत्तराच्या पलीकडे गेलात. मला फक्त एक जोड लावून बघायची आहे. काळोबाला हजार माणसं शिव्या घालायची, तोही घालायचा, आई-बहिणीवरून, मोकळ्या आवाजात. दोन तासांत माणूस झाडून स्वच्छ व्हायचा. त्याच्या हातांना सतत दुसऱ्याच्या खांद्याची, मानेची काळजी. ती काळजी हातातच राहायची, घरापर्यंत यायची. वज्रबाहूने मात्र सगळं आत घ्यायचं. मार आत, उत्तर आत, वर हसू. आणि शेवटी उचलून आपटायचं तेही समोरचा आपण होऊन उडी मारतो म्हणून. त्याच्या हातांना जपायचं शिक्षणच नाही. आणि जगात फोटो त्याचा. मुखवटा घातलेल्या माणसाचा फोटो काढून ठेवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खारे दाणे आणणारा माझा बाप आमच्याकडे कुठल्याच भिंतीवर नाही.

आता कामाचं. पोरीचं बाळंतपण आहे. बायको या महिनाअखेरीस बंगळूरला जाईल ती चार-सहा महिन्यांसाठी. म्हणजे घरात मी आणि आई. दिवसा सांभाळायला बाई मिळाली आहे, संध्याकाळी सहाला ती जाते. बायकोचं म्हणणं, आईला घरातच ठेवायचं. “तुम्ही आहात की. तुमच्याइतका शांत माणूस मी पाहिला नाही.” पोरगी फोनवर तेच म्हणते. कॉलेजात तर मी धीरप्रशांताचं चालतंबोलतं उदाहरण आहे. दोन परीक्षांच्या मधल्या मोर्च्यातही मुलं माझ्या टेबलावरच्या फुलदाणीला धक्का लागू देत नाहीत, म्हणतात, सर कधी चिडत नाहीत. मी मात्र गुपचूप हडपसरच्या पुढे मांजरी गावाला जाऊन आलो. तिथे अशा माणसांना सांभाळणारं एक केंद्र आहे. चांगलं आहे. दोन नव्या इमारतींच्या मधे उसाचा एक तुकडा अजून शिल्लक आहे, आईला मिळू शकणाऱ्या खोलीतून तो दिसतो. तिथली व्यवस्थापक पोरगी माझ्या लेकीपेक्षाही लहान. फॉर्म भरता भरता म्हणाली, “काका, घरी नक्की त्रास काय होतो?”

मी म्हणालो, “मला कॉलेज असतं.”

“ते ठीक. पण चिडतात का कधी?”

“कोण?” मी विचारलं.

तिने पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. “आजी हो.”

“छे,” मी म्हणालो. “तिचा स्वभाव फार शांत.”

खोली सोमवारपर्यंत धरून ठेवते म्हणाली. बायकोला मी काल सांगितलं. ती चिडली नाही, तिने फक्त कपडे घडी करायचं थांबवलं. “आईला ठेवायचं तिथे? रोज दारात कोण आलं ते बघणारी बाई ती. तिथे कोणाला विचारेल?” मी नर्सचं कारण सांगितलं, रात्रीबेरात्री डॉक्टर असतो हे सांगितलं, गुडघे सांगितले. सगळी कारणं खरी आहेत. ती म्हणाली, “तुम्ही काहीतरी वेगळंच सांगायचं टाळताय.” आणि मी हसलो, अण्णा. फार छान हसलो असेन, कारण तिने पुढे विचारलं नाही.

जे तिला सांगितलं नाही ते तुम्हाला लिहितो. तुम्हाला लिहिलेलं कुणापर्यंत पोचत नाही, हा तुमचा आताचा सगळ्यांत मोठा गुण. गेल्या मंगळवारी कॉलेजात प्राचार्यांनी चारचौघांत माझा एक अपमान केला. क्षुल्लक होता. मी “बरोबर आहे आपलं” म्हणून हसत बाहेर आलो आणि स्कूटरवरून हडपसरपर्यंत तसाच हसत आलो असणार. बायको खाली वाण्याकडे गेली होती. आईने विचारलं, मी काळोबा म्हणालो, तिने पाठ पाहिली, सगळं नेहमीसारखं. मग तिची गोळी द्यायची होती. ती तोंड उघडेना. एकदा, दोनदा, ओठ घट्ट. मी तिचा दंड धरला, आणि गोळी दिली.

दुसऱ्या दिवशी बाईने अंघोळ घालताना बायकोला दाखवलं. दंडावर निळे डाग, चार एका बाजूला, एक दुसऱ्या. बायकोने डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, रक्त पातळ ठेवायच्या गोळीने या वयात असं होतं, नुसता हात लागला तरी उठतं, घाबरू नका. सगळ्यांना पटलं. मलाही पटवून घ्यायचं आहे. मी आठवून पाहतो: अंगठा आत होता का, तळवा टेकला होता की बोटं रुतली होती. नाही आठवत. तिने आवाज केला नाही, मी आवाज चढवला नाही, माझ्या चेहऱ्यावर राग नव्हता याची मी शपथ घेऊ शकतो. एवढंच मला शपथेवर सांगता येतं.

सोमवारी मी मांजरीला होकार देणार आहे, आणि सगळे म्हणतील, एवढा शांत माणूस, आईला चार महिने घरी ठेवू शकला नाही. म्हणू देत. सहाला बाई गेल्यावर त्या घरात तिच्याजवळ मी एकटाच असेन, आणि मला माझ्या हातांची भीती वाटते.